पहिला सेलिंग क्लब कसा निवडाल?

जर्मनीच्या नकाशावर उत्तरेला दोन समुद्र दिसतात: नॉर्थ सी आणि बाल्टिक. आता म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफर्ट आणि बर्लिन ही शहरं शोधा. आपली बरीच मराठी कुटुंबं याच शहरांमध्ये राहतात, आणि यांतलं एकही शहर समुद्राकाठी नाही. तरीसुद्धा एप्रिल-मे महिना आला की या प्रत्येक शहराच्या आसपास पाण्यावर पांढरी शिडं दिसायला लागतात. तलावात, नदीत, धरणाच्या पाण्यात, अगदी खडी काढून झालेल्या खाणीच्या तळ्यातसुद्धा!

ही शिडं बघून तुम्हालाही कधीतरी वाटलं असेल, "आपणपण शिकावं." मग तुम्ही इंटरनेटवर शोधता आणि समोर क्लबांची भली मोठी यादी येते. 'डॉइचर झेगलर-फेरबांड' ही जर्मनीतली सेलिंगची मुख्य संघटना. तिची स्थापना १८८८ साली झाली आणि आज तिच्यात हजाराहून जास्त क्लब आहेत. यांतला आपला कुठला?

या पाठात आपण तेच बघणार आहोत. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: ज्या क्लबमध्ये नवख्या माणसाला लवकर आणि वारंवार होडीत बसवतात, तो चांगला क्लब. बाकी सगळं त्यानंतर.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण क्लब चुकला, तर माणूस बहुतेक वेळा क्लबला दोष देत नाही. तो म्हणतो, "सेलिंग आपल्यासारख्यांसाठी नाही." आणि घरी बसतो. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात. पण एकदा गेलेली हौस परत आणणं कठीण असतं.

आपल्यासारख्यांसाठी नाही?

थोडं मागे जाऊन बघू. कोकणच्या किनाऱ्यावर आपले कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या शिडाच्या होड्या चालवत आले आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं आणि स्वतःचं आरमार उभं केलं. पुढे कान्होजी आंग्रे यांनी त्या आरमाराचा दरारा सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर बसवला.

हे झालं जुनं. आता अलीकडचं. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईला परत आले. त्यांच्या होडीचं नाव 'म्हादेई'. ती गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधली होती.

म्हणजे हा खेळ आपल्यासाठी परका नाही. आपल्या भाषेत तर त्याचे शब्द आधीपासूनच आहेत. कापडाचं ते शीड. शीड ज्या उंच खांबावर चढवतात ती डोलकाठी. होडीची दिशा बदलतं ते सुकाणू. होडी एका जागी थांबवायला टाकतात तो नांगर. होडीवर काम करतो तो खलाशी, आणि कोळ्यांच्या होडीचा प्रमुख असतो तांडेल. एखाद्या कामाची जबाबदारी कुणी घेतली की आपण आजही म्हणतो, "त्याने सुकाणू हाती घेतलं."

फेराइन म्हणजे दुकान नव्हे

जर्मनीतले बहुतेक सेलिंग क्लब 'फेराइन' असतात. फेराइन म्हणजे सभासदांनी मिळून चालवलेली संस्था. कायद्याप्रमाणे तिची नोंदणी करायला कमीत कमी सात सभासद लागतात. आपल्याकडचं गणेशोत्सव मंडळ आठवा. तिथे वर्गणी असते, अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, आणि मांडव घालायला सगळे येतात. फेराइन बरंचसं तसंच.

म्हणून फेराइनमध्ये तुम्ही गिऱ्हाईक नसता, सभासद असता. हा फरक नीट समजून घ्या. जिममध्ये पैसे भरले की मशीन तुमची वाट बघत असतं. फेराइनमध्ये होडी धुवायची कोणी? तुम्ही. शिकवतं कोण? बऱ्याच वेळा एखादा सभासदच, आपली नोकरी सांभाळून. आम्ही स्वयंसेवक जसे शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग घेतो, तसंच ते.

दुसरा रस्ता म्हणजे 'झेगेलशूले', म्हणजे सेलिंगची शाळा. तिथे तुम्ही फी भरता, ठरलेल्या दिवसांचा कोर्स करता आणि घरी येता. घाई असेल किंवा फक्त सुट्टीत शिकायचं असेल तर शाळा सोयीची. पण कोर्स संपल्यावर होडी कुठली? सोबत कोण? तिथे क्लब लागतो. पुष्कळ जण आधी शाळेत शिकतात आणि मग क्लबमध्ये जातात. दोन्ही रस्ते बरोबर आहेत.

नाव मोठं की घर जवळ?

जर्मनीत काही क्लब फार जुने आहेत. बर्लिनच्या वानझे तलावावरचा 'फेराइन झेगलरहाउस आम वानझे' १८६७ चा. हॅम्बर्गचा 'नॉर्डडॉइचर रेगाटा फेराइन' १८६८ चा. अशी नावं वाचली की छाती दडपते. या क्लबांमधून मोठमोठ्या शर्यतींचे खेळाडू तयार होतात. पण नवख्या माणसाने क्लबची कीर्ती सगळ्यात शेवटी बघावी. आधी बघायचं, ते घरापासूनचं अंतर.

कारण सेलिंग सवयीने येतं. वाऱ्याची दिशा गालावर ओळखायला, दोर कधी ओढायचा आणि कधी सोडायचा हे हाताला कळायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. दीड तास लांबचा सुंदर तलाव तुम्ही उन्हाळ्यात चार वेळा बघाल. अर्ध्या तासावरच्या साध्या तळ्यावर दर आठवड्याला जाल.

तुम्हाला अजून गाडी चालवता येत नसेल, तर प्रश्न आणखी सोपा करा: "मी एकटा किंवा एकटी तिथे जाऊ शकते का?" म्युनिकहून श्टार्नबेर्गर तलावाला एस-बान जाते. बर्लिनमध्ये वानझेचं स्वतःचं एस-बान स्टेशन आहे. स्टुटगार्टमध्ये नेकार नदीच्या बाजूला माक्स-आय्ट तलाव आहे आणि तिथे ट्रामसारखी श्टाटबान जाते. एसेनचा बाल्डेनाय तलाव म्हणजे रूर नदी अडवून १९३३ साली तयार झालेलं पाणी. फ्रँकफर्टजवळ लांगेनचा वाल्डझे आहे, तो खडीच्या खाणीतून झालेला. हॅम्बर्गची बाहेरची आल्स्टर तर शहराच्या मधोमध आहे.

आता पाण्याचा स्वभाव बघा. आल्स्टर जेमतेम दीड चौरस किलोमीटरची. आजूबाजूला झाडं आणि इमारती असल्यामुळे वारा सारखा बदलतो. श्टार्नबेर्गर तलाव सुमारे ५६ चौरस किलोमीटरचा. बोडनझे तर सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचा आणि तीन देशांच्या मध्ये: जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. मोठ्या पाण्यावर मजा जास्त, पण लाटाही जास्त. आल्प्सजवळच्या तलावांवर वादळ फार पटकन येतं. छोट्या पाण्यावर काठ नेहमी जवळ असतो. शिकायला छोटं पाणी मुळीच वाईट नाही.

नियमही जागेप्रमाणे बदलतात. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी इंजिन नसलेल्या छोट्या शिडाच्या होडीला सरकारी परवाना लागत नाही. पण बोडनझेवर शीड १२ चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर परवाना लागतो. बर्लिनच्या पाण्यावरही परवान्याचे वेगळे नियम आहेत. म्हणून क्लबला सरळ विचारा: "इथे मला कुठला परवाना लागेल? आणि तो तुमच्याकडे शिकवतात का?"

आधी पोहणं

आमच्या सांगलीकडे विहिरीत किंवा कृष्णेत पोहायला शिकवताना मुलांच्या पाठीला रिकामा डबा बांधायचे. थोड्या दिवसांनी डबा सोडायचा. मूल तरंगलं की झालं, परीक्षा पास! जर्मनीत यासाठी बिल्ले असतात. लहान मुलांचा पहिला बिल्ला 'झेप्फेर्डशेन', म्हणजे समुद्रघोडा. त्यासाठी पाण्यात उडी मारून २५ मीटर पोहावं लागतं. तो छान आहे, पण सेलिंगला पुरेसा नाही. पुढचा बिल्ला 'ब्रॉन्झे'. त्यात १५ मिनिटं पोहायचं असतं आणि त्या वेळात कमीत कमी २०० मीटर अंतर कापायचं असतं. शिवाय दोन मीटर खोल जाऊन तळाची वस्तू वर आणायची असते.

बरेच क्लब मुलांकडून ब्रॉन्झे मागतात. एखाद्या क्लबने पोहण्याबद्दल काहीच विचारलं नाही, तर त्याला तुमची काळजी कमी आहे असं समजा.

तुमच्या आई-बाबांना पोहता येत नसेल, तर त्यांना भीती वाटणं साहजिक आहे. "कशाला ते पाण्याचं खूळ?" असं आजी फोनवर म्हणेल. भांडू नका. त्यांना क्लबवर घेऊन जा आणि तीन गोष्टी दाखवा. पहिली, जॅकेट. फुगवट्याचं साधं ५० न्यूटनचं जॅकेट फक्त तरंगायला मदत करतं. ते ज्याला नीट पोहता येतं त्याच्यासाठी असतं. १०० किंवा १५० न्यूटनचं जीवरक्षक जॅकेट वेगळं. पडलेल्या माणसाचं तोंड पाण्याच्या वर राहावं यासाठी ते बनवलेलं असतं. दुसरी गोष्ट, प्रशिक्षकाची मोटरबोट. मुलं पाण्यावर असताना ती जवळपास फिरत असली पाहिजे. तिसरी गोष्ट, वादळाचे दिवे. बोडनझेवर आणि बव्हेरियाच्या मोठ्या तलावांवर काठाला नारिंगी दिवे असतात. ते मिनिटाला ४० वेळा चमकले तर जोराचा वारा येऊ शकतो. मिनिटाला ९० वेळा चमकले तर वादळाचा धोका आहे, लगेच काठावर या. दिवा लागल्यावर क्लबमधली माणसं काय करतात, ते आई-बाबांना बघू दे. त्यांची भीती माहितीने कमी होईल, हट्टाने नाही.

होडी कोणाची?

हा सगळ्यात कळीचा प्रश्न. काही क्लबांमध्ये जवळजवळ सगळ्या होड्या सभासदांच्या स्वतःच्या असतात. धक्क्यावर चाळीस होड्या उभ्या दिसतात, पण तुमच्यासाठी त्यांतली एकही नसते. तुम्ही वर्गणी भरता आणि काठावर बसून लिंबू सरबत पिता!

म्हणून विचारा: "क्लबच्या मालकीच्या होड्या किती? नवीन सभासदाला त्या कधी मिळतात? किती शिकल्यावर एकट्याने नेता येतात?"

मुलांसाठी बहुतेक ठिकाणी 'ऑप्टी' असते. तिचं पूर्ण नाव ऑप्टिमिस्ट. क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ती तयार केली. मुलांसाठी स्वस्तात आणि घरीसुद्धा बांधता येईल अशी होडी त्यांना हवी होती. ती सुमारे २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची असते. दिसायला एखाद्या पेटीसारखी! ऑप्टीच्या शर्यती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात.

तुम्ही मोठे असाल तर 'योले' विचारा. योले म्हणजे उघडी, हलकी होडी. तिच्या पोटातून एक सपाट फळी पाण्यात खाली सोडतात, म्हणजे होडी वाऱ्याने बाजूला घसरत नाही. या फळीला जर्मनमध्ये 'श्वेर्ट' म्हणतात. श्वेर्ट म्हणजे तलवार! योले उलटू शकते आणि तुम्ही भिजू शकता. पण तुमची प्रत्येक चूक ती लगेच सांगते, म्हणून शिकायला उत्तम.

मोठ्या माणसांनी एक गोष्ट मुद्दाम तपासावी. काही क्लबांमध्ये मुलांचं ट्रेनिंग छान असतं, पण तिशीतल्या नवशिक्यासाठी काहीच नसतं. अशा ठिकाणी मोठी माणसं दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून शिकतात. तेही चांगलं आहे, पण तुम्हाला होडीवर घेणारं कोणीतरी पाहिजे. "खलाशी शोधणारे सभासद आहेत का?" हे विचारायला लाजू नका.

पैसे आणि श्रमदान

फेराइनचा खर्च एका आकड्यात कळत नाही. वर्षाची वर्गणी असते. काही ठिकाणी सुरुवातीला प्रवेश फी असते. स्वतःची होडी असेल तर जागेचं भाडं वेगळं. विद्यार्थ्यांना आणि पूर्ण कुटुंबाला बऱ्याच वेळा सवलत मिळते. घरचं उत्पन्न कमी असेल तर १८ वर्षांखालच्या मुलांना क्लबच्या खर्चासाठी महिन्याला १५ युरो सरकारी मदत मिळू शकते. ती कोणाला मिळते, हे तुमच्या गावच्या कचेरीत विचारावं लागतं.

मग येतो 'आर्बाइट्सडीन्स्ट'. शब्द अवघड आहे, पण मराठीत त्याला सुंदर शब्द आहे: श्रमदान. वसंत ऋतूत होड्या पाण्यात सोडायच्या, शरद ऋतूत बाहेर काढायच्या, धक्का दुरुस्त करायचा, गवत कापायचं. प्रत्येक सभासदाने वर्षात ठरलेले तास काम करायचं. नाही केलं तर तासामागे पैसे भरायचे. किती तास, किती पैसे, आणि मुलांना ते लागू आहे का, हे आधी विचारा.

काही आई-बाबांना हे विचित्र वाटतं. "पैसेही द्यायचे आणि झाडूही मारायचा?" पण खरं सांगू का, ओळखी तिथेच होतात. होडीचा तळ घासताना शेजारचा माणूस सहज विचारतो, "रविवारी येणार का माझ्याबरोबर?" असं आमंत्रण फॉर्म भरून मिळत नाही.

आता थोडं गणित करू. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. समजा, 'अ' क्लबचा वर्षाचा खर्च २४० युरो आणि 'ब' क्लबचा १५० युरो. स्वस्त कुठला? 'ब', असं तुम्ही म्हणाल. पण 'अ' घराजवळ आहे, त्याच्याकडे होड्या आहेत, आणि तुम्ही वर्षात २० वेळा पाण्यावर गेलात. म्हणजे एका वेळेला १२ युरो. 'ब' लांब आहे, तिथे होडी मिळत नाही, आणि तुम्ही फक्त ४ वेळा गेलात. म्हणजे एका वेळेला साडेसदतीस युरो. आता सांगा, स्वस्त कुठला?

शेवटची गोष्ट म्हणजे क्लब सोडण्याचे नियम. फेराइनची नियमावली असते, तिला 'झाट्सुंग' म्हणतात. सभासदत्व कसं सोडायचं ते तिथे लिहिलेलं असतं. पुष्कळदा ते वर्षाच्या शेवटीच सोडता येतं आणि आधी लेखी कळवावं लागतं. ती तारीख चुकली तर आणखी एक वर्षाची वर्गणी. सही करण्याआधी हा एक परिच्छेद नक्की वाचा. जर्मन कठीण वाटलं तर शाळेतल्या मित्राला सोबत बसवा.

वास घेऊन बघा

आयटीमध्ये आम्ही कुठलंही महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी ट्रायल घेतो. क्लबचीही ट्रायल घेता येते. जर्मनमध्ये तिला मजेदार शब्द आहे: 'श्नुपरझेगेल्न'. 'श्नुपर्न' म्हणजे हुंगणं, वास घेणं. कुत्रं नवीन घरात आल्यावर कोपरान्‌कोपरा हुंगतं ना, तसं! अनेक क्लब उन्हाळ्याच्या सुरुवातीला असा दिवस ठेवतात. काही ठिकाणी काही महिन्यांचं तात्पुरतं सभासदत्वही मिळतं. दोन-तीन क्लबांना ईमेल करा आणि दोन ठिकाणी तरी स्वतः जा.

त्या दिवशी चकचकीत होड्यांपेक्षा माणसांकडे लक्ष द्या. तुम्हाला किती वेळ होडीत बसवलं? सुकाणू तुमच्या हातात दिलं, की तुम्ही नुसते सामानासारखे बसून होतात? तुम्ही दोर चुकीचा ओढलात तेव्हा शिकवणारा ओरडला, की पुन्हा दाखवलं? दुसऱ्या मुलाची होडी उलटली तेव्हा बाकीचे हसले, की मदतीला गेले? उलटल्यावर थोडं हसू येणारच. पण हसून झाल्यावर कोणीतरी दोर टाकला पाहिजे.

आणखी एक कसोटी आहे, ती आपल्यासाठी खास. पहिल्या दिवशी धक्क्यावर तुमच्यासारखं नाव असलेलं दुसरं कोणीच नसेल. 'ज्ञानेश्वरी' किंवा 'हृषीकेश' हे नाव पहिल्या झटक्यात कोणालाच म्हणता येणार नाही. त्यात काही चूक नाही. पण बघा, कोणी पुन्हा विचारतं का? "परत सांग ना, कसं म्हणायचं?" असं विचारून नाव शिकणारी माणसं जिथे असतील, तिथे तुम्ही लवकर रुळाल. जर्मन क्लबांमध्ये बऱ्याच ठिकाणी लहान-मोठे सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे अरे-तुरे करतात. साठ वर्षांच्या काकांना नावाने हाक मारायची म्हणजे आपली जीभ अडखळते! दोन आठवड्यांत सवय होते.

उलट, "तू मूळचा कुठला?" हाच प्रश्न दिवसभर विचारला, पण होडीत कोणी बसवलं नाही, तर गोड बोलून निरोप घ्या आणि दुसरा क्लब बघा. याचा अर्थ सेलिंग तुमच्यासाठी नाही, असा मुळीच नाही. त्या क्लबला नवख्यांची सवय नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मग ठरवायचं कसं?

एक कागद घ्या आणि त्यावर पाच प्रश्न लिहा.

१. मी तिथे आई-बाबांच्या मदतीशिवाय जाऊ शकतो का? किंवा शकते का?
२. नवख्यांसाठी क्लबच्या होड्या आणि ठरलेला ट्रेनिंगचा वार आहे का?
३. पोहणं, जॅकेट आणि मोटरबोट याबद्दल क्लब कडक आहे का?
४. वर्गणी, श्रमदान आणि क्लब सोडण्याचे नियम मला नीट कळले का?
५. ट्रायलच्या दिवशी सुकाणू माझ्या हातात आलं का?

पाचही उत्तरं 'हो' असतील तर वाट बघू नका. चार असतील तर पाचवं विचारून घ्या. पण दुसरं, तिसरं किंवा पाचवं उत्तर 'नाही' असेल, तर क्लबचं नाव कितीही मोठं असलं तरी थांबा.

बहुतेक क्लबांमध्ये हंगाम एप्रिल-मेमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच ईमेल पाठवा. नवख्यांच्या जागा पटकन भरतात. हिवाळाही वाया घालवू नका. ब्रॉन्झे करा, आणि एक हातभर दोरी घेऊन गाठी शिका. आणि तुम्ही जर्मनीत राहत नसाल, तरी हाच कागद घेऊन तुमच्या गावच्या तलावावर जा. तिथले नियम वेगळे असतील, पण हे पाच प्रश्न तिथेही चालतील.

वाचा, विचार करा आणि सांगा

१. फेराइनमध्ये तुम्ही 'गिऱ्हाईक' नसून 'सभासद' असता, म्हणजे काय? तुमच्या शब्दांत सांगा.
२. 'अ' आणि 'ब' क्लबच्या उदाहरणात स्वस्त क्लब कुठला ठरला? का?
३. तुमच्या आजीला किंवा आजोबांना फोन करा. ते पोहायला कुठे आणि कसे शिकले, ते विचारा आणि पाच वाक्यं लिहा.
४. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, खलाशी: हे शब्द वापरून एक छोटी गोष्ट लिहा.